‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणजे नक्की काय? आठवीच्या स्कॉलरशिपच्या उताऱ्यांचं डीबगिंग

आजचा भाग आठवीच्या आसपासची मुलं घरात असलेल्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात अशी मुलं नाहीत त्यांनीही ऐका, कारण यातली निम्मी गोष्ट माझ्या स्वतःच्या नोकरीतली आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिखित रूप. बोलताना झालेली पाल्हाळ थोडी छाटली आहे, बाकी तसंच आहे.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी ताईचा फोन आला. ती सातारा जिल्ह्यात असते, मी पुण्यात. भाची आठवीत, मराठी माध्यम, स्कॉलरशिपला बसलेली. ताई म्हणाली, “अरे, सराव परीक्षेत इंग्रजीत पन्नासपैकी अठरा पडलेत. क्लासचे सर म्हणतात, इंग्रजीवर वेळ घालवू नका, बुद्धिमत्तेत मार्क काढू. तूच सांग काय करायचं.”

सरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, ते आधी सांगतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ दीड तास. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या पेपरात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे प्रश्न २५, बुद्धिमत्तेचे ५०. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के लागतात, म्हणजे १५०पैकी ६०. बुद्धिमत्तेत चांगले गुण असतील तर इंग्रजी सोडूनही मूल पात्र होऊ शकतं. हिशोब बरोबर आहे.

पण त्या फोनवर मागून भाचीचा आवाज आला, “मामा, मला इंग्रजी येतच नाही.” माझ्यासाठी प्रश्न तिथे बदलला. स्कॉलरशिपचा पेपर एकदा होऊन जातो. तेराव्या वर्षी ‘मला येत नाही’ हे एकदा डोक्यात बसलं की ते बारावीपर्यंत आणि पुढेही सोबत येतं. मी स्वतः मराठी माध्यमाचा. माझ्या वेळी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची, २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. बीटेकच्या पहिल्या वर्षी वर्गात शेवटच्या बाकावर बसून मीही हेच वाक्य मनात म्हणत होतो.

म्हणून ताईला म्हटलं, “पेपर आणि तिची उत्तरं, दोन्हींचे फोटो पाठव. आधी बघू तरी नक्की कुठे अडलंय.”

आधी लॉग बघा, मग निदान करा

आमच्या कामात एखादा प्रोग्राम बंद पडला तर ‘हा प्रोग्राम कच्चा आहे’ असं म्हणून कोणी सोडत नाही. लॉग उघडतात आणि नेमकी कुठली ओळ फसली ते शोधतात. मी भाचीच्या पेपराचं तेच केलं. २५पैकी ९ बरोबर, १६ चूक. व्हिडिओ कॉलवर तिला समोर बसवलं आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एकच प्रश्न विचारला: “हे उत्तर का निवडलंस?” रागावून नाही, खरंच माहिती हवी म्हणून.

तासाभरात १६ चुकांचे चार ढीग झाले.

पहिला ढीग, ३ चुका: प्रश्नात दोन पर्याय निवडा म्हटलं होतं, तिने एकच निवडला होता.

दुसरा ढीग, ५ चुका: प्रश्नातला किंवा वाक्यातला एखादा छोटा शब्द निसटला. नॉट, एक्सेप्ट, बिफोर, अगदी ‘दे’सुद्धा.

तिसरा ढीग, ४ चुका: उत्तर उताऱ्यातून न देता स्वतःच्या मनातून दिलं.

चौथा ढीग, ४ चुका: शब्दच माहीत नव्हता.

आता बघा, ज्याला आपण ‘इंग्रजी येत नाही’ म्हणतो तो खऱ्या अर्थाने फक्त चौथा ढीग. बाकीच्या १२ चुका वाचण्याच्या पद्धतीच्या आहेत आणि पद्धत शिकवता येते. भाचीला हे चार आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मला बारा प्रश्नांचं इंग्रजी येत होतं?” म्हटलं, बरंचसं, हो.

एकेक ढीग घेऊ.

पहिला ढीग: सूचना हाही उताराच

आठवीच्या स्कॉलरशिपमध्ये प्रत्येक पेपरात जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असू शकत होते आणि दोन्ही नोंदवणं बंधनकारक होतं. इंग्रजीच्या २५ प्रश्नांत २० टक्के म्हणजे पाच प्रश्न, दहा गुण. एकच गोल रंगवला तर तो बरोबर असूनही उपयोग नाही.

उपाय अगदी साधा आहे. प्रश्नपत्रिकेवर, उत्तरपत्रिकेवर नव्हे, अशा प्रश्नाच्या क्रमांकापुढे पेन्सिलीने ‘२’ लिहायचा. सगळे प्रश्न वाचताना ही खूण आधी करून टाकायची. भाचीने पुढच्या सरावात हे केलं आणि हा ढीग एका दिवसात संपला.

उत्तरपत्रिकेबद्दलही एक सांगतो. पेनाने रंगवलेला गोल बदलता येत नाही. म्हणून एका उताऱ्याचे सगळे प्रश्न आधी प्रश्नपत्रिकेवर सोडवायचे, मग ते एकत्र उत्तरपत्रिकेवर उतरवायचे आणि उतरवताना प्रश्नक्रमांक ओठ हलवून म्हणायचा. एक गोल सरकला की पुढचे सगळे सरकतात, बरं का.

दुसरा ढीग: छोटे शब्द

भाचीसाठी मी एक छोटा उतारा लिहिला. आत्ता हळूहळू वाचतो, तुमच्या मुलांनाही ऐकवा:

“मीना लिव्ह्ज निअर द बस स्टँड. हर फादर सेल्स टी देअर. ऑन संडेज ही क्लोजेस द स्टॉल अ‍ॅट नून, बट लास्ट संडे ही केप्ट इट ओपन टिल नाइट बिकॉज देअर वॉज अ फेअर इन द व्हिलेज. मीना हेल्प्ड हिम. दे सोल्ड ऑल द टी, यट ही लुक्ड वरीड ऑन द वे होम. ‘द शुगर कॉस्ट मोर दॅन आय थॉट,’ ही सेड.”

पहिला प्रश्न: व्हेन डज मीनाज फादर युज्वली क्लोज द स्टॉल ऑन संडेज? भाचीचं उत्तर: नाइट. कारण ‘संडे’ आणि ‘नाइट’ हे शब्द उताऱ्यात जवळजवळ दिसले. प्रश्नातला ‘युज्वली’, म्हणजे एरवी, नेहमी, निसटला. एरवी दुपारी बारालाच बंद होतं, रात्री फक्त मागच्या रविवारी. चुकीचे पर्याय असेच बनवलेले असतात: शब्द उताऱ्यातलाच, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

दुसरा प्रश्न: हू सोल्ड ऑल द टी? भाची म्हणाली, मीनाचे बाबा. मी विचारलं, “दे म्हणजे कोण?” ती म्हणाली, “ते. म्हणजे बाबा.” मी दोन मिनिटं गप्पच बसलो. तिचं तर्कशास्त्र बरोबर होतं! आपण मराठीत वडिलांना ‘ते’ म्हणतो, आदराने. इंग्रजीत बाबाही ‘ही’च. ‘दे’ म्हणजे एकाहून जास्त माणसं, इथे मीना आणि बाबा दोघं. ही चूक आळसाची नाही, मराठी चांगली येत असल्याची आहे. पण कोणी विचारलं नसतं तर ती दहावीपर्यंत तशीच राहिली असती.

असाच दुसरा मराठी-इंग्रजी खड्डा म्हणजे घटनांचा क्रम. मराठीत आपण बहुधा घडलं तसं सांगतो: दूध विकल्यावर तिने चहा घेतला. इंग्रजीत हेच बऱ्याचदा उलटं येतं: शी ड्रँक टी आफ्टर शी सोल्ड द मिल्क. डावीकडून एकेक शब्द लावत जाणारं मूल म्हणतं, आधी चहा, मग दूध. त्यामुळे ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ दिसला की थांबायचं आणि दोन्ही घटनांवर १ आणि २ लिहायचं.

भाचीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही ‘थांबा’ शब्दांची यादी केली. बट म्हणजे पण. यट म्हणजे तरीही. ऑल्दो म्हणजे जरी. बिकॉज म्हणजे कारण. एक्सेप्ट म्हणजे सोडून. ओन्ली म्हणजे फक्त. अनलेस म्हणजे जोपर्यंत नाही तोपर्यंत. नॉट, नेव्हर, बिफोर, आफ्टर, युज्वली. उताऱ्यात हे शब्द आले की गोल करायचा, आणि ही, शी, इट, दे आले की ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे बाण काढायचा. सुरुवातीला वेळ जातो. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना सवय लागते आणि मग पेन्सिल लागत नाही.

हे फक्त मुलांचं आहे असं समजू नका. पहिल्या नोकरीत मला एक काम आलं होतं: मासिक रिपोर्ट ‘एक्सेप्ट’ करून बाकी सगळे रिपोर्ट क्लायंटला पाठवायचे. मी घाईत वाचलं आणि मासिक रिपोर्टही पाठवून दिले. ‘एक्सेप्ट’चा अर्थ मला माहीत होताच, मी फक्त तो वाचला नाही. त्या संध्याकाळी मॅनेजरसमोर उभं राहताना इंग्रजी येणं आणि इंग्रजी वाचणं यातला फरक चांगलाच कळला.

तिसरा ढीग: बोट कुठे आहे?

त्याच उताऱ्यावर तिसरा प्रश्न: व्हाय वॉज द फादर वरीड? पर्याय होते: कोणी चहा घेतला नाही, मीना दमली होती, खर्च वाटला त्यापेक्षा जास्त झाला, जत्रा रद्द झाली. भाचीने निवडलं, मीना दमली होती. का? “मी दमले की बाबा काळजी करतात ना.” किती खरं आहे! पण उताऱ्यात नाही.

इथे उपयोगी पडते ती टॅफी राफेल या अमेरिकन संशोधिकेने १९८०च्या दशकात मांडलेली प्रश्नांची विभागणी. ती चार प्रकार सांगते, मी भाचीला मराठीत असे सांगितले. एक, ‘तिथेच आहे’: उत्तर एका वाक्यात सापडतं. दोन, ‘शोधा आणि जोडा’: दोन-तीन वाक्यं एकत्र करावी लागतात. तीन, ‘लेखक आणि मी’: उताऱ्यातला पुरावा आणि आपली समज, दोन्ही लागतात. चार, ‘फक्त मी’: स्वतःचं मत. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेतल्या उताऱ्यावर चौथा प्रकार जवळजवळ नसतोच. मुलं मात्र तिसऱ्या प्रकाराच्या प्रश्नाला चौथ्या प्रकारचं उत्तर देतात.

इथे साखर महाग पडली हे वाक्य आहे, सगळा चहा विकला हेही आहे, आणि मधे ‘यट’ आहे. विक्री झाली, तरीही चेहरा काळजीचा, आणि पुढच्याच वाक्यात साखर. जोडलं की उत्तर: खर्च वाटला त्यापेक्षा जास्त झाला. पुरावा उताऱ्यातच आहे.

म्हणून आमचा नियम एकच: उत्तर निवडताना डाव्या हाताचं बोट उताऱ्यातल्या त्या ओळीवर हवं. बोट ठेवायला ओळ नसेल तर उत्तर मनातलं आहे. मी कॉलवर सारखं विचारायचो, “बोट कुठे आहे?” शेवटी तीच मला चिडवायला लागली.

चौथा ढीग: इथे युक्ती चालत नाही

आता प्रामाणिकपणे बोलतो, कारण परीक्षेच्या युक्त्या विकणारे हा भाग सांगत नाहीत. शब्दच येत नसतील तर बोट, बाण, गोल यांचा फार उपयोग नाही. हू आणि नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं की मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द दोनच!

एखाद-दुसरा शब्द अडला तर अंदाज बांधता येतो. शब्द तोडून बघायचा: ‘अन’ पुढे लागला की बहुधा उलट अर्थ, ‘लेस’ मागे लागला की ‘शिवाय’, ‘फुल’ लागला की ‘भरलेला’. आजूबाजूला ‘बट’ असेल तर अर्थ उलटा, ‘अँड’ असेल तर बहुधा त्याच दिशेचा. पण दर ओळीला शब्द अडत असेल तर अंदाज नाही, वाचन वाढवावं लागतं. आणि ते सोप्या पुस्तकांतून.

पालकांची एक चूक मी खूप बघतो: आठवीतलं मूल आहे म्हणून हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी किंवा इंग्रजी पेपरचा अग्रलेख देतात. त्याऐवजी पाच बोटांचा नियम वापरा. एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाच बोटं मिटली तर पुस्तक सध्या कठीण, बाजूला ठेवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर गोष्टी मोफत आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि मराठीतही आहेत. भाचीने लहान मुलांच्या पातळीपासून सुरुवात केली. आधी लाजली. मी म्हटलं, “कोण बघतंय? वाच.”

आणि एक गोष्ट मराठीबद्दल. इंग्रजी सुधारायचं म्हणून मराठी वाचन बंद करू नका, उलट वाढवा. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. बेसबॉलवरचा एक उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा चांगला समजली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट किंवा ऊस ठेवून बघा. विषयाची माहिती असेल तर समजणं सोपं जातं, आणि ती माहिती कुठल्या भाषेतून आली याने फरक पडत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय. त्यातून मूल मधमाश्यांबद्दल, किल्ल्यांबद्दल, अवकाशाबद्दल जे वाचेल, ते इंग्रजी उताऱ्यातही कामाला येईल.

वेळेचं गणित

दुसऱ्या पेपराची ९० मिनिटं आणि ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. आम्ही वाटणी अशी केली: इंग्रजीला २५ मिनिटं, बुद्धिमत्तेला ६० आणि शेवटची ५ तपासायला. इंग्रजीच्या २५ मिनिटांत २५ प्रश्न, म्हणजे सरासरी एक मिनिट. सुटे शब्दांचे प्रश्न अर्ध्या मिनिटात होतात, तिथे वाचलेला वेळ उताऱ्याला द्यायचा.

उताऱ्याचा क्रम: आधी फक्त प्रश्न वाचायचे, पर्याय नाही. पर्याय आधी वाचले की चुकीची उत्तरं डोक्यात घर करतात. मग उतारा एकदा सलग वाचायचा, अडलं तरी थांबायचं नाही. मग एकेक प्रश्न, बोट ओळीवर. चार पर्यायांतले दोन नक्की चूक असतील ते आधी काटायचे. दीड मिनिटात नाही जमलं तर खूण करून पुढे. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत अशा परीक्षेत एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. गुण कापतात की नाही ते मात्र प्रत्येक परीक्षेच्या सूचनांमध्ये वाचून घ्या.

घरी काय करता येईल?

ताईला इंग्रजी फारसं येत नाही. तिला वाटत होतं, आपण काय मदत करणार? पण १९८४ साली पॅलिंसार आणि ब्राउन यांनी सातवीतल्या मुलांबरोबर वापरलेली पद्धत घरातही चालते. मूल वाचतं आणि चार गोष्टी करतं: पुढे काय होईल ते सांगतं, स्वतः एक प्रश्न तयार करतं, अडलेलं सोडवतं, आणि थोडक्यात सार सांगतं. हळूहळू शिक्षकाची जागा मूल घेतं. आता रोज रात्री जेवणानंतर भाची एक छोटी इंग्रजी गोष्ट वाचते आणि ताईला मराठीत सांगते. ताई फक्त विचारते, “मग? असं का केलं त्याने? कुठे लिहिलंय दाखव.” एवढं पुरतं. मुलीला सांगता आलं तर समजलंय, नाही आलं तर परत वाचायचं. पंधरा मिनिटं लागतात.

मग झालं काय?

दोन महिन्यांनी चौथ्या सराव परीक्षेत २५पैकी १५ बरोबर आले, म्हणजे ५०पैकी ३०. चमत्कार नाही. पहिला ढीग शून्य झाला, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात तीन चुका उरल्या, आणि चौथ्यात चारच्या पाच झाल्या! शब्द इतक्या लवकर वाढत नाहीत. तो ढीग नववी-दहावीत कमी होईल, रोजच्या पंधरा मिनिटांनी.

पण तिने पेपराचा फोटो पाठवला तेव्हा खाली काय लिहिलं होतं सांगतो: “मामा, १० चुकल्या. ढीग मीच केलेत, बघ बरोबर आहेत का.” ‘येत नाही’ हा शब्द त्यात नव्हता.

तर मंडळी, तुमच्या घरातल्या मुलाचा किंवा मुलीचा शेवटचा इंग्रजीचा पेपर काढा. गुण बघू नका. शेजारी बसा आणि प्रत्येक चुकीला विचारा, “हे का निवडलंस?” आणि मग उत्तर ऐका, मधे बोलू नका. चार ढीग करा. कुठला ढीग मोठा निघाला ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, आणि बोट ओळीवर ठेवा!